रविवार वसूल करणारा माणूस

त्या माणसानं माझी जागा घेतली, याचा राग मला अजून आहे. तो गेला, त्याच्या कबरीवर गवत उगवलं, तरी आहे.

चर्चमध्ये कुणाची ठरलेली जागा नसते, असं आमचे पाळकसाहेब म्हणतात. त्यांना म्हणायला काय जातं, ते पुढे उभे असतात. बाकी प्रत्येकाची जागा असते. माझी उजव्या बाजूला होती, अगदी मागे, भिंतीकडच्या टोकाला. डोक्यावर पंखा. बाजूचं दार हाताशी, म्हणजे फोन आला की उठता यायचं आणि उपदेश लांबला की फोन आल्यासारखं करून उठता यायचं. आणि मुख्य म्हणजे मधल्या वाटेच्या पलीकडे, डावीकडे पुढे, माझा थोरला भाऊ बसायचा. माझ्या जागेवरून त्याची फक्त मान दिसायची. तोंड दिसायचं नाही. मला तेवढंच हवं होतं.

एका रविवारी मी आलो तर तिथं हे काका बसलेले. शेजारी थर्मास, छत्री, मफलर, सगळा संसार मांडलेला.

"काका, ही माझी जागा आहे."

"अच्छा? अलॉटमेंट लेटर आहे?"

आजूबाजूचे हसले. मी एक बाक पुढे बसलो आणि सगळी उपासना त्यांच्या थर्मासचं झाकण फिरण्याचा आवाज ऐकत धुमसत राहिलो.

काका कुठल्याशा मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेले. सरकारी क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा सरोजिनी नगरच्या जवळच भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले. बायको आधीच वारली होती, एकुलती मुलगी कॅनडात. दिल्लीतल्या आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची उपासना एका जुन्या चर्चमध्ये दुपारी होते, इंग्रजी आणि हिंदीवाल्यांचं आटोपल्यावर. म्हणजे आम्हाला चर्च मिळतं ते दोनदा वापरलेलं. काका मात्र हिंदी उपासना चालू असतानाच येऊन आवारातल्या कडुलिंबाखाली बसायचे. त्या दिवशीचा शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, शनिवारी घरी वाचून यायचे. "फाइल न वाचता मीटिंगला जाणारा अधिकारी आणि शास्त्रपाठ न वाचता चर्चला येणारा माणूस, दोघंही चहा पिऊनच परत जातात," असं म्हणायचे.

उपासना संपली की ते गेटपाशी उभे राहत. सगळे आमच्या रीतीप्रमाणे एकमेकांना सलाम करत असत, पोरं समोशांवर तुटून पडलेली असत, आणि हे एकेकाला अडवून विचारत, "मागच्या रविवारचं काय? ॲक्शन टेकन?"

मागच्या रविवारी उपदेशात जे ऐकलं, त्यातलं काय केलं, असा त्याचा अर्थ. लोक त्यांना टाळायला मागच्या फाटकानं जायचे. काही दिवसांनी काका मागच्या फाटकाशी उभे राहायला लागले.

पाळकसाहेबही सुटायचे नाहीत. एकदा क्षमेवर लांबलचक उपदेश झाला. काकांनी त्यांचा हात हातात घेतला तो सोडेचनात. "उत्तम बोललात. बिल्कुल क्लिअर. फक्त कोणी कोणाला आणि किती तारखेपर्यंत, तेवढं राहिलं."

माझी त्यांची ओळख जुनी, मी सरोजिनीच्या बाजारात एक्स्पोर्टचा उरलेला माल विकायचो तेव्हाची. दहावीला नापास होऊन मी दिल्लीला भावाकडे आलो. भाऊ सरकारी नोकरीत, क्वार्टरमध्ये, आई त्याच्याकडे. मी फुटपाथवर चादर अंथरून सुरुवात केली आणि पुढे मानेसरला गाड्यांच्या सीट कव्हरचं युनिट टाकलं, ते कुणाच्या शिफारशीवर नाही, जिभेच्या जोरावर. माझ्याकडून भाव पाडून घेणारं गिऱ्हाईक मी तरी पाहिलं नव्हतं. काका स्वेटर घ्यायला आले आणि मी सांगितलेल्या भावावर म्हणाले, "हाच स्वेटर तू स्वतःसाठी घेतलास तर काय देशील?"

मी चिडून मराठीत पुटपुटलो. तोंडात आलेला शब्द इथं लिहीत नाही.

"मराठी! तू त्या क्वार्टरमधल्या बाईंचा धाकटा ना? आई चर्चला येते, दादा येतो. तू?"

"रविवारी धंदा असतो. आणि तिथं येऊन मिळतं काय?"

"घेतोस काय?" ते म्हणाले. "दुकानात उभं राहून, मालाला हात न लावता परत जातो, त्याला तू काय म्हणतोस?"

"टाइमपास."

"मग ये. हात लावून बघ. नाही आवडलं तर परत."

त्यांनी स्वेटर घेतला, मी सांगितला त्यापेक्षा बराच खाली, आणि मी रविवारी दुपारी चर्चला जायला लागलो. आईला वाटलं तिची प्रार्थना ऐकली गेली. मला वाटलं मी फसलो.

आई गेली तेव्हा मी माल आणायला तिरुपूरला होतो. जून महिना. लॉजवर निरोप आला, दादाचा फोन लागला. मी म्हणालो, "मी निघालो. थांबा." तो "बरं" म्हणाला की नुसता श्वास सोडला, हे मला आजही सांगता येत नाही. मिळेल त्या गाडीत, संडासाच्या दाराशी बसून मी दिल्लीला पोचलो. स्टेशनवरून थेट क्वार्टरवर गेलो तर बाहेर सतरंज्या वाळत घातलेल्या. आदल्या दिवशीच सगळं उरकलं होतं. तिच्यावर माती टाकायला शेजारपाजारचे होते, दादाच्या ऑफिसातले होते, पंजाबी दूधवाला होता. मी नव्हतो.

दादा सांगत होता, ऊन किती होतं, लाइट गेली होती, हॉस्पिटलनं ठेवून घेतलं नाही. मी ऐकत नव्हतो. मी एवढंच म्हणालो, "थांबा म्हणालो होतो." त्यानंतर आम्ही बोललो नाही. चर्चला मात्र मी जात राहिलो. मी यायचं सोडलं असतं तर तो जिंकला असता.

तर असा मी, दर रविवारी गुरुग्रामहून गाडी काढून येणारा आणि भावाच्या मानेकडे बघून परत जाणारा. पाय स्वस्थ नसायचे. गीत चालू असताना मी मनात मानेसरची ऑर्डर जुळवायचो, प्रार्थनेत डोळे उघडे ठेवून घड्याळ बघायचो. काकांना मी एकदा तोंडावर म्हणालो, "तुमच्या दुकानात माल नाही."

"माल आहे, शेठ. तुझी पिशवी भरलेली आहे."

मला ते बोलणं आवडलं नाही. पण पुढच्याच रविवारी उपदेश विश्रांतीवर झाला आणि गेटपाशी काकांनी धरलंच. "तुझ्या फॅक्टरीत किती लोक उभ्यानं काम करतात?" पिच्छा सोडवायला म्हणून मी पॅकिंगवाल्यांसाठी स्टुलं आणली. आठवड्यानं सांगितलं तेव्हा काकांनी थर्मासच्या झाकणात मला चहा ओतून दिला. ते झाकण ते कुणाला देत नसत. "बस, एवढंच असतं," ते म्हणाले. "तुझा मागचा रविवार वसूल." त्या दिवशी गाडी चालवताना मी गुणगुणत होतो हे बायकोनं सांगितलं तेव्हा मी तिच्यावरच ओरडलो.

गेटपाशी त्यांची उपासना संपायची नाही. कोण आलं नाही हे ते बघून ठेवत. "त्या नर्सबाई दिसल्या नाहीत. गाडी काढ." मग मी, माझी गाडी, काका आणि थर्मास. कधी नर्सबाईंच्या घरी, कधी कुठल्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात. मी चरफडत गाडीतच बसायचो. ते खाली येऊन सांगायचे, "तुझा सलाम सांगितला." मी सलाम दिलेलाच नसायचा.

आता पुन्हा जागेकडे येतो. माझ्या जागेवर ते बसले, त्याच्या पुढच्या रविवारी मी लवकर जाऊन ती पकडली. तेवढ्यात काका एका म्हाताऱ्या बाईंना हाताला धरून घेऊन आले. "यांना टेकायला भिंत लागते, शेठ. जरा सरकतोस?" बाईंना कोण नाही म्हणणार? त्यानंतर माझ्या नव्या बाकावर संडेस्कूलची पोरं आणून बसवली. मी आणखी पुढे सरकलो. मे महिन्यात कूलर उजवीकडून उचलून डावीकडे गेला. चौकीदाराला विचारलं तर म्हणाला, "अंकल ने बोला, इधर का प्लग ठीक नहीं है।" सगळी मंडळी वाट ओलांडून डावीकडे गेली. मीही गेलो. उकडून मरायचं का?

सगळ्या बाजारानं ज्याच्यापुढे हात टेकलेले, त्या मला हा माणूस एकेक बाक करून पुढे सरकवत होता, आणि माझ्या ते लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा मी दादाच्या बरोबर मागे बसलो होतो.

इतक्या जवळून मी त्याला वर्षांनुवर्षं पाहिलं नव्हतं. कॉलर उसवलेली. केस पांढरे, विरळ. गीत सुरू झालं आणि तो आईसारखाच, ओळीच्या शेवटी सूर सोडून, एक क्षण मागे राहून गायला लागला. मला बसवेना. मी उठणार तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, आता एकमेकांना शांतीचं अभिवादन करू या. आमच्याकडे तेव्हा सगळे वळून पुढच्यामागच्यांचा हात हातात घेतात. दादा वळला. मी आहे हे त्याला माहीत नसावं. त्याचा हात आधीच पुढे आला होता. तो त्यानं मागे घेतला नाही.

मी खिशातला फोन काढून कानाला लावला आणि बाहेर गेलो. फोन आलेला नव्हता.

काका मागोमाग कडुलिंबाखाली आले. "हातात आलेला माल सोडून आलास, शेठ."

माझं डोकं फिरलं. "तुम्हाला माहीत तरी आहे का काय झालंय? माझी आई होती! मी थांबा म्हणालो होतो. भावानं थांबायला नको?"

"तो थांबणार होता," काका म्हणाले. थर्मास त्यांनी ओट्यावर ठेवला. "त्याला मी सांगितलं, थांबू नकोस. मी तिथंच होतो. लाइट नव्हती, ऊन वाढत होतं. मी म्हणालो, बाईंची विटंबना होईल, धाकट्याला मी समजावीन. मग तू आलास, तुझा अवतार बघितला, आणि माझी हिंमत झाली नाही. दादाला म्हणालो, मी सांगतो, तू बोलू नकोस. आज सांगतो, उद्या सांगतो. फाइल माझ्याच टेबलावर पडून राहिली."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं. लोकांना ॲक्शन टेकन विचारत होतो."

आत प्रार्थना चालू होती. मला त्यांची कॉलर धरावीशी वाटली.

"माझ्यावर धर राग," ते म्हणाले. "त्याच्यावरचा सोड."

"दोघांवर धरायला माझ्याकडे भरपूर जागा आहे," मी म्हणालो आणि गाडीत बसलो. नर्सबाईंकडे काका बसनं गेले असतील.

मी चर्चला जायचं बंद केलं. बायको जायची, मी बाल्कनीत येरझाऱ्या घालायचो. पहिल्याच रविवारी संध्याकाळी इंटरकॉम वाजला. आमच्या सोसायटीचा गार्ड. "सर, गेट पे एक अंकल आए हैं। बोल रहे हैं, आज का उपदेश लेके आए हैं।"

"बोलो, साहब घर पे नहीं हैं।"

मागून काकांचा आवाज ऐकू आला, "ठीक है, आप ही सुना दो।" आणि गार्डनं मला उपदेश ऐकवला. "सर, आज बीज बोनेवाले पे था। कुछ पत्थर पे गिरा। और पूछ रहे हैं, ॲक्शन टेकन?"

मी फोन ठेवला. पुढच्या रविवारी पुन्हा. ते वय, तो उन्हाळा, मेट्रो बदलत गुरुग्राम, तिथून रिक्षा, गेटपाशी चार वाक्यं, आणि परत. मी खाली गेलो नाही. वर बोलावलं नाही. गार्डला मात्र आता त्यात रस वाटायला लागला होता. "सर, आज वाला अच्छा था," म्हणायचा. "बाप दौड़ के जाता है बेटे के पास।" मी ऐकून घ्यायचो. आधी लगेच फोन ठेवायचो, मग ठेवीनासा झालो. उपदेश इतक्या लक्षपूर्वक मी बाकावर बसून कधी ऐकला नव्हता.

जूनमधल्या एका रविवारी इंटरकॉम वाजला नाही. मी बाल्कनीतून दार, दारातून बाल्कनी करत राहिलो. शेवटी खाली उतरलो. "अंकल नहीं आए?" गार्डनं मान हलवली. तेवढ्यात फोन वाजला, आणि या वेळी खरंच वाजला. दादाचा होता.

"काका गेले," तो म्हणाला. "दुपारी, चर्चला निघताना. मुलीला कळवलंय. ती परवा सकाळी पोचतेय. पण उद्याच उरकायचं म्हणतायत. काकांनीच पाळकसाहेबांना सांगून ठेवलं होतं, उन्हाळ्यात गेलो तर माझ्यासाठी कोणी थांबायचं नाही."

"थांबायचं," मी म्हणालो.

"अरे, त्यांनी स्वतः..."

"त्यांना काय कळतंय! थांबायचं म्हणजे थांबायचं. मी येतोय."

त्यांचा हा एक नियम मी मोडला. त्यांच्यावर सूड उगवल्यासारखा मोडला. शव ठेवायची फ्रीझरची पेटी भाड्यानं आणली. पेटीवाल्याशी भाव केला, सवय जात नाही. सोमवारी दुपारी काकांच्या गल्लीतली लाइट गेली. मानेसरहून माझ्या युनिटचा जनरेटर टेम्पोत घालून निघाला, पण हायवेवर अडकला. तोवर मी आणि दादा मासळी बाजारातून बर्फाच्या लाद्या गोणपाटात गुंडाळून जिन्यानं वर नेत होतो. एक टोक माझ्या हातात, एक त्याच्या. "सांभाळ," "कोपरा," "आता ठेव," एवढंच बोलत होतो. पाळकसाहेब म्हणाले, कबरस्तानवाले वेळ बदलून देत नाहीत. मी म्हणालो, मला त्यांच्याशी बोलू द्या. वेळ बदलून मिळाली.

मुलगी विमानतळावरून थेट कबरस्तानात आली, बॅगेला चिठ्ठी लटकतेय तशीच. तिनं बापाचं तोंड पाहिलं. शवपेटी खाली गेल्यावर पहिली मूठ तिनं टाकली. मग माझ्याकडे आली. "बाबांनी मला बजावलं होतं, धावत येऊ नकोस, कोणी थांबणार नाही. थँक यू, भैया," म्हणाली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. ती रडत होती आणि माझी नजर कबरस्तानाच्या त्या कोपऱ्याकडे जात होती, जिथं मी कधी गेलो नव्हतो.

लोक पांगल्यावर दादा त्या कोपऱ्याकडे चालायला लागला. मी मागे गेलो. आईच्या कबरीशी झाडाची सावली होती. दगडावरचं नाव त्यानं रुमालानं पुसलं.

"लाइट तेव्हाही अशीच..." त्यानं सुरुवात केली.

"बर्फ मिळतो, दादा."

तो रुमालाची घडी घालत राहिला.

"काकांनी तुला थांबू नको सांगितलं, ते मला कळलंय. तरी तू थांबायला हवं होतंस."

तो ऊन, लाइट, हॉस्पिटल सगळं पुन्हा सांगेल म्हणून मी दात आवळून उभा होतो.

"हो," तो म्हणाला. "थांबायला हवं होतं."

मग तो गुडघ्यांवर बसला. जूनची माती, दगडासारखी. बोटांनी निघेना तेव्हा त्यानं माझ्याकडे हात केला. मी गाडीची किल्ली दिली. किल्लीनं त्यानं थोडी माती उकरली, चुरली, आणि माझ्या ओंजळीत घातली.

पुढच्या रविवारी मी चर्चला लवकर गेलो. माझी जुनी जागा रिकामी होती. पंखा चालू, दार उघडं. म्हाताऱ्या बाईही अजून आल्या नव्हत्या. मी त्या जागेकडे पाहिलं आणि डावीकडे पुढे जाऊन दादाच्या शेजारी बसलो. तिथं पंख्याचा वारा येत नाही. दार लांब आहे. फोन आला तर अख्ख्या बाकाला उठवावं लागतं. गीताच्या पुस्तकात दोघांनी बघायचं, आणि तो ओळीच्या शेवटी मागे राहतो, म्हणून मलाही थांबावं लागतं.

आता हीच माझी जागा झाली आहे. सरोजिनीत अर्धं आयुष्य काढलं, पण असा माल माझ्या गळ्यात कुणी मारला नव्हता.